अनेक वजनकाट्यांसाठी हातातला बिनतारी इंडिकेटर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या आणि चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत, सुताच्या गोदामांत, डाईंगमध्ये आणि बाजार समितीच्या आवारातल्या मोठ्या गाळ्यांवर आता एकाच छपराखाली तीन-चार प्लॅटफॉर्म काटे आणि जोडीला एखादा क्रेन काटा (हूकाला टांगलेला माल तोलणारा) असतो. अशा ठिकाणी प्रत्येक काट्याशेजारी माणूस उभा करण्याऐवजी एकाच माणसाच्या हातात बिनतारी इंडिकेटर, म्हणजे काट्यांची वजने दाखवणारा छोटा पडदा, देण्याची पद्धत रुळू लागली आहे. काटे बसवण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामात मालक, दिवाणजी आणि हमाल मंडळींनी आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. निरनिराळ्या बनावटींमध्ये बटणांची नावे थोडीफार बदलतात, म्हणून सोबतची माहितीपुस्तिका जवळ ठेवावी. कामाची रीत मात्र सगळीकडे जवळपास सारखीच आहे.

हातातला इंडिकेटर स्वतः वजन करतो का?

नाही. वजन करण्याचे काम प्लॅटफॉर्मखालचे लोड सेल करतात. लोड सेल म्हणजे पोलादाचा एक तुकडा असतो आणि त्यावर अतिशय पातळ विद्युत् पट्ट्या चिकटवलेल्या असतात. माल ठेवला की पोलाद डोळ्यांना दिसणार नाही इतके वाकते, पट्ट्यांचा रोध बदलतो आणि त्यातून अगदी क्षीण विद्युत् दाब मिळतो. सर्वसाधारण लोड सेल पूर्ण भाराला प्रत्येक व्होल्टमागे २ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे त्याला ५ व्होल्ट पुरवले तर पूर्ण वजनाला अवघे १० मिलिव्होल्ट हाती येतात. ५०० किलोचा काटा १०० ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवत असेल, तर त्या १० मिलिव्होल्टचे ५,००० भाग पाडावे लागतात आणि एका टप्प्याच्या वाट्याला २ मायक्रोव्होल्टच येतात. एवढी नाजूक खूण लांब तारेने नेण्यापेक्षा काट्यापाशीच तिचे आकड्यात रूपांतर करून तो आकडा रेडिओने पाठवणे सोयीचे असते. हे काम ट्रान्समीटरची डबी करते. इंडिकेटर तो आकडा घेऊन दाखवतो आणि आपण दाबलेल्या बटणाची आज्ञा डबीपर्यंत पोहोचवतो.

दुसऱ्या प्रकारात प्रत्येक काट्याला स्वतःचा डिस्प्ले असतोच आणि त्याच्या मागे रेडिओची डबी जोडलेली असते. तेथे हातातला इंडिकेटर त्या डिस्प्लेची केवळ नक्कल करतो. आपल्याकडे यांपैकी कोणता प्रकार आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे, कारण पुढच्या अनेक प्रश्नांची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत.

एका इंडिकेटरवर किती काटे जोडता येतात?

हे बनावटीवर ठरते. काही इंडिकेटर चार-सहा काट्यांची यादी ठेवतात, तर काही त्याहून बरीच मोठी. यादी किती लांब ठेवता येते, यापेक्षा हातात धरणारा माणूस किती काटे डोक्यात नीट ठेवू शकतो हे आम्ही अधिक महत्त्वाचे मानतो. गर्दीच्या गोदामात एका माणसाकडे चार काट्यांपेक्षा जास्त देऊ नयेत, असे आमचे मत आहे.

नवा काटा यादीत कसा घ्यायचा?

प्रत्येक ट्रान्समीटरला स्वतःचा ओळख-क्रमांक असतो आणि तो बहुधा डबीवरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. इंडिकेटरच्या मेनूत जोडणीचा पर्याय उघडून तो क्रमांक भरावा लागतो, किंवा इंडिकेटर शोधाच्या अवस्थेत ठेवून डबीचा पुरवठा बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. जोडणी करताना बाकीच्या सगळ्या डब्या बंद ठेवाव्यात, नाहीतर भलतीच डबी यादीत येते. जोडणी झाली की लगेच त्या काट्याला नाव द्यावे. ‘१’, ‘२’ अशा कोऱ्या आकड्यांपेक्षा ‘गेट’, ‘सूत’, ‘डाईंग’ अशी नावे चांगली. तेच नाव तैलरंगाने काट्याच्या खांबावर, दहा पावलांवरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे. डबीवरची चिठ्ठी उन्हाने आणि तेलकट हातांनी वर्षभरात पुसली जाते, म्हणून सर्व क्रमांक एका वहीत उतरवून ठेवावेत.

समोर दिसणारे वजन कोणत्या काट्याचे आहे, हे खात्रीने कसे ओळखावे?

आम्हाला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत हा प्रश्न सर्वांत कमी वेळा येतो, पण चुका मात्र सर्वांत जास्त येथेच होतात. काट्याला चिकटलेला डिस्प्ले असतो तेव्हा आकडा आणि काटा एकाच जागी असतात आणि गोंधळाला जागा राहत नाही. आकडा हातात घेऊन माणूस फिरू लागला की त्याच्याबरोबर काटा फिरत नाही, ही साधी गोष्ट कामाच्या घाईत विसरली जाते.

आमचाच एक अनुभव सांगतो. अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला एका सूत-गोदामात आम्ही तीन काट्यांवर एक इंडिकेटर बसवून दिला आणि शिकवण्यासाठी पहिल्या दिवशी तेथेच थांबलो. पहिल्या काट्यावर रिकामी ट्रॉली होती. तिचे ३८.४ किलो वजा करण्यासाठी दिवाणजींनी टेअर दाबला, पण पडद्यावर निवडलेला होता तिसरा काटा आणि त्यावर त्याच क्षणी सुताचे पोते ठेवलेले होते. तिसऱ्या काट्याने ते पोतेच टेअर म्हणून धरले. पोते उतरवल्यावर तेथे उणे ५०.२ दिसू लागले, तेव्हा काटा बिघडला असे समजून हमालांनी तो बाजूला ठेवला. पहिल्या काट्यावर मात्र ट्रॉलीसकट वजने चालू राहिली. बारा खेपा झाल्यावर मालकांनी हिशेब पाहिला, तेव्हा ४६० किलो सूत जास्त आलेले दिसले. काटे तिन्ही बरोबर होते. शिकवताना आम्ही बटणे दाखवली, पण बटणाआधी नाव वाचायला सांगितले नाही, ही चूक आमची होती.

तेव्हापासून आम्ही दोन सवयी लावून घेतो. बटण दाबण्यापूर्वी पडद्यावरचे नाव मोठ्याने उच्चारायचे, ‘सूत, टेअर’ एवढेच, म्हणजे काट्याजवळ उभा असलेला हमाल ऐकतो आणि चूक असेल तर टोकतो. दुसरी सवय पायाची. काटा बदलल्यावर त्या काट्याच्या रिकाम्या कडेवर पायाचा चवडा हलकेच टेकवायचा आणि आकडा हलतो का ते पाहायचे. आकडा हलला तर आपण योग्य काट्यावर आहोत. पाय काढल्यावर आकडा पुन्हा शून्यावर यायला हवा, म्हणजे काटा कुठे अडकलेला नाही हेही त्यातच कळते. काट्यावर माल असेल तर अर्थातच वजनाची नोंद होण्यापूर्वी पाय काढून घ्यावा.

झिरो आणि टेअर यांत फरक काय?

झिरो रिकाम्या काट्यासाठी असतो. प्लॅटफॉर्मवर धूळ साचली, कांद्याची साले पडली, रात्रीतून ओल धरली, तर काटा रिकामा असूनही दोनशे-तीनशे ग्रॅम दाखवतो. तो आकडा शून्यावर आणण्यासाठी झिरो वापरावा. टेअर भांड्यासाठी असतो. ट्रॉली, क्रेट, पिंप, बीमची (ताण्याचे सूत गुंडाळायच्या रुळाची) नळी यांचे वजन वजा करून आतल्या मालाचे निव्वळ वजन पाहायचे असेल, तर टेअर दाबावा. पडद्यावर ‘नेट’ची खूण दिसू लागते आणि ‘ग्रॉस’ बटणाने एकूण वजन परत पाहता येते. टेअरने काट्याची क्षमता वाढत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. ५०० किलोच्या काट्यावर ४० किलोची ट्रॉली असेल, तर मालासाठी ४६० किलोच उरतात.

काही संचांत टेअर हातातल्या इंडिकेटरमध्ये साठवला जातो, तर काहींत तो काट्यावरच्या डबीत. इंडिकेटर एकच असेल तर याने काही बिघडत नाही. दोन असतील आणि टेअर हातातच साठत असेल, तर एका माणसाला निव्वळ वजन दिसते व दुसऱ्याला एकूण, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे वाद लवकर मिटत नाही. आपला संच कोणत्या प्रकारचा आहे, हे एका इंडिकेटरवर टेअर दाबून दुसऱ्यावर पाहिले की लगेच समजते.

झिरो दाबला तरी आकडा शून्यावर येत नाही. असे का होते?

बहुतेक वेळा काटा आपल्याला योग्य कारणासाठीच अडवत असतो. आकडा स्थिर झाल्याखेरीज झिरो स्वीकारला जात नाही. शिवाय प्रमाणित काट्याचा झिरो त्याच्या कमाल क्षमतेच्या ४ टक्क्यांच्या मर्यादेतच चालतो, म्हणजे ५०० किलोच्या काट्यावर २० किलोपर्यंत. त्याहून जास्त वजन दिसत असेल तर प्लॅटफॉर्मवर खरोखरच काहीतरी आहे, टेअर काढायचा राहिला आहे किंवा लोड सेल दुखावला आहे.

काटा चालू करण्याच्या क्षणी मात्र ही मर्यादा सैल असते आणि २० टक्क्यांपर्यंतचे वजनही सुरुवातीचे शून्य म्हणून धरले जाऊ शकते. ५०० किलोच्या काट्यावर हे १०० किलो होतात. सकाळी वीज येताना त्यावर कोणी बसलेले असेल, तर काटा त्या माणसालाच शून्य समजतो आणि तो उठताच उणे ६५ वगैरे दाखवू लागतो. काटा रिकामा करून बंद-चालू करावा. मेकॅनिकला बोलावण्याची गरज नसते.

वजन सतत खालीवर होते. दोष काट्यात आहे की रेडिओत?

रेडिओमुळे वजन खालीवर होत नाही. रेडिओने एकतर पूर्ण आकडा येतो, नाहीतर काहीच येत नाही; अर्धवट किंवा बिघडलेला आकडा इंडिकेटर स्वीकारतच नाही. म्हणून आकडा डोलत असेल तर कारण काट्यापाशीच शोधावे.

यंत्रमागाच्या कारखान्यात पहिला संशय जमिनीवर घ्यावा. जकार्डचे माग चालू असताना फरशीला बसणारा हादरा काट्यापर्यंत पोहोचतो, म्हणून मागांच्या रांगेपासून दूर, भिंतीजवळच्या भक्कम फरशीवर काटा ठेवावा आणि सेटिंगमध्ये फिल्टर, म्हणजे आकड्याचे डोलणे दाबणारी सोय, वाढवून घ्यावा. फिल्टर जास्त ठेवला की आकडा सावकाश स्थिर होतो, तेवढा वेळ थांबायची तयारी ठेवावी. दुसरा संशय पंख्याच्या वाऱ्यावर. लहान क्षमतेच्या काट्यावर तो सहज जाणवतो.

तिसरे कारण प्लॅटफॉर्म आणि चौकट यांच्यामधल्या फटीत असते. सूत-गोदामात या फटीत तंतू आणि कचरा दबून त्याचा नमद्यासारखा घट्ट थर बनतो, कांद्याच्या गाळ्यावर वाळलेली साले आणि माती साचते, आणि प्लॅटफॉर्म त्या थरावर टेकतो. मग जेवढे वजन थराने पेलले तेवढे काटा कमी दाखवतो आणि माल उतरवल्यावर शून्यावर येत नाही. आठवड्यातून एकदा जुनी हॅक्सॉची पाती त्या फटीतून चारही बाजूंनी फिरवावी. पाती कुठे अडली की तेथे काय आहे ते काढावे. पाण्याचा फवारा मात्र मारू नये. जंक्शन बॉक्समध्ये (लोड सेलच्या तारा एकत्र येतात त्या डबीत) पाणी शिरले की आकडा दिवसभर सरकत राहतो आणि ओल वाळायला आठवडा लागतो.

यानंतरही शंका राहिली, तर एकच वजन चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने ठेवून पाहावे. एका कोपऱ्यावर स्पष्ट फरक आला तर त्या कोपऱ्याचा लोड सेल, त्याची तार किंवा त्याचा पाय तपासायला लागेल.

आकड्यांच्या जागी आडव्या रेघा येतात. काय करावे?

रेघा म्हणजे ठरलेल्या वेळेत त्या काट्याकडून काहीही आलेले नाही. आधी दोन पावले बाजूला सरकून पाहावे. हा सल्ला ऐकून लोक हसतात, पण त्याला कारण आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर असते. पत्र्याच्या छपरावरून, यंत्रांवरून आणि लोखंडी कपाटांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि काही जागी त्या एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. अशी मेलेली जागा वीतभर रुंदीची असते, त्यामुळे एका पावलात फरक पडतो. सरकूनही रेघा राहिल्या तर डबीचा पुरवठा पाहावा, तिची बॅटरी पाहावी आणि शेवटी यादीतला ओळख-क्रमांक पडताळावा.

रेंज किती मिळते?

माहितीपत्रकातला आकडा मोकळ्या मैदानातला असतो. सोलापूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मागांच्या रांगा, बीमचे रॅक आणि पाण्याने भरलेले डाईंगचे हौद असताना त्याचा निम्मा-पाव भाग मिळाला तरी समाधान मानावे. पाणी आणि माणसाचे शरीर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतात, म्हणून इंडिकेटर छातीशी धरून काट्याकडे पाठ करू नये आणि वरच्या टोकाला अँटेना असेल तर त्यावर बोटे ठेवू नयेत. डबी लोखंडी खांबाला घट्ट चिकटवण्यापेक्षा प्लास्टिकच्या तुकड्यावर, जमिनीपासून कमरेच्या उंचीवर बसवावी. पोत्यांची थप्पी डबीच्या समोर लागली की दुपारनंतर रेंज गेली अशी तक्रार येते. सकाळी थप्पी नसते, एवढेच.

लांबचे अंतर आणि भिंती जास्त असतील तर ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा संच सहसा अधिक पोहोचतो. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ हे पट्टे ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतात. अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेला ९१५ मेगाहर्ट्झचा संच स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, कारण तो पट्टा आपल्याकडे असा खुला नाही.

शेजारच्या कारखान्यातही असाच संच आहे. त्यांचे वजन आमच्याकडे दिसेल का?

आपल्या यादीत त्यांच्या डबीचा क्रमांक नसेल तर दिसणार नाही. रेंजमध्ये येईल तो काटा आपोआप दाखवणारी फिरती अवस्था काही इंडिकेटरांत असते. ती चालू ठेवली तर मात्र दिसू शकते. भिंतीला भिंत लागून असलेल्या गाळ्यांत ती अवस्था बंद ठेवावी आणि संचाला गट-संकेतांक (आपल्या सगळ्या डब्या आणि इंडिकेटर यांचा सामाईक संकेतांक) देण्याची सोय असेल तर कारखान्यातून आलेला मूळ संकेतांक बदलून घ्यावा. दोन संच एकाच वाहिनीवर बोलू लागले की दोघांचेही आकडे उशिरा येतात, अशा वेळी एकाने वाहिनी बदलावी.

ट्रान्समीटरची बॅटरी इतक्या लवकर का संपते?

बॅटरी रेडिओपेक्षा लोड सेल जास्त खातात. साधारण ३५० ओहमचे चार सेल एकत्र जोडले की रोध ८७ ओहमच्या आसपास येतो आणि ५ व्होल्टला जवळपास ५७ मिलिअँपिअर प्रवाह अखंड लागतो. म्हणून बॅटरीवरच्या डब्या सेलला क्षणभर पुरवठा देऊन मोजमाप करतात आणि पुन्हा झोपतात. सेकंदाला दहा वेळा आकडा पाठवण्याचे सेटिंग ठेवले तर बॅटरी आठवड्यांत संपेल. पोती मोजायला सेकंदाला एक-दोन आकडे भरपूर होतात. काम संपल्यावर इंडिकेटरवरून सर्व काट्यांना झोपेची आज्ञा द्यावी आणि सकाळी उठवावे. जेथे वीज जवळ आहे तेथे ॲडाप्टर लावलेलाच बरा.

हातातल्या इंडिकेटरला बहुधा दोन पेन्सिल सेल लागतात. साध्या सेलऐवजी चार्जिंगचे सेल घातले तर त्यांचा दाब मुळातच १.२ व्होल्ट असल्यामुळे बॅटरी कमी असल्याची सूचना लवकर दिसते. काही संचांत सेलचा प्रकार मेनूतून निवडता येतो.

दोन काट्यांची बेरीज एकाच आकड्यात दाखवता येते का?

बहुतेक संचांत येते. ताण्याचा लांब बीम दोन काट्यांवर दोन टोके टेकवून तोलायचा असेल, तेव्हा ही सोय खरी उपयोगाची ठरते. दोन्ही काट्यांवर आधी स्वतंत्र झिरो घ्यावा, बीम ठेवावा, दोन्ही आकडे स्थिर झाले की मगच बेरीज वाचावी. बसवल्यानंतर एक चाचणी जरूर करावी. बेरीज चालू असताना एका काट्याची डबी बंद करावी. अशा वेळी बेरजेच्या जागी रेघा किंवा चूक झाल्याची सूचना आलीच पाहिजे. उरलेल्या एकाच काट्याचे वजन बेरीज म्हणून दिसत राहिले, तर त्या संचावर बेरीज वापरू नये.

‘होल्ड’ बटण कशासाठी आहे?

क्रेन काट्यावर झुलणारा माल असताना आकडा गोठवून वाचण्यासाठी. क्रेन काट्याचा मोठा फायदाही येथेच आहे, कारण हूकाखाली मान वर करून उभे राहावे लागत नाही. बाजूला आठ-दहा पावलांवरून वजन वाचता येते. गोठवलेला आकडा काटा बदलल्यावरही पडद्यावर राहत असेल तर मात्र फसगत होते. वजन लिहून घेतले की लगेच होल्ड सोडावा.

हातातला आकडा आणि काट्यावरचा आकडा जुळत नाहीत. खरा कोणता?

हलत्या मालावर दोघांत क्षणाचा फरक राहणारच, कारण हातातला आकडा थोडा मागून येतो. माल स्थिर असताना फरक असेल तर एका ठिकाणी टेअर लागलेला आहे का, हे पाहावे. दोन्हीकडे एकूण वजन लावूनही फरक उरला तर काट्यावरचा, निरीक्षकांची मोहोर असलेला डिस्प्ले प्रमाण मानावा आणि हातातल्या संचाचे सेटिंग तपासून घ्यावे.

काटा बरोबर असूनही सुताची वजने दुसऱ्या महिन्यात कमी का भरतात?

सोलापूरच्या उन्हाळ्यात हा प्रश्न नेमाने येतो आणि बिनतारी संच नवा असेल तर दोष त्याच्यावरच जातो. कापसाचे सूत हवेतली ओल धरते. व्यवहारात सुती सुताची प्रमाण ओल कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के धरतात. त्या हिशेबाने ५० किलोच्या पोत्यात जवळपास ४६ किलो ८० ग्रॅम कोरडे सूत असते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ओल ७ टक्क्यांवर उतरली तर तेच पोते ४९ किलो ३०० ग्रॅमच्या आसपास भरते. सातशे ग्रॅम कोणी काढले नाहीत आणि काटाही कोणी मारला नाही. शंका फिटत नसेल तर २० किलोचे प्रमाणित लोखंडी वजन काट्यावर ठेवून पाहावे, लोखंड ओल पीत नाही.

मे महिन्यात पडदा काळा पडतो. इंडिकेटर बिघडला का?

पारा ४२-४३ अंशांवर असताना इंडिकेटर मोटारीच्या काचेमागे किंवा स्कूटरच्या डिकीत राहिला की आतले तापमान त्याहून खूप वर जाते आणि एलसीडी पडदा काळवंडतो. सावलीत अर्धा तास ठेवला तर तो बहुधा पूर्ववत होतो. बॅटरीला मात्र अशा उष्णतेने कायमची इजा होते. पत्र्याखालच्या काट्यावरही दुपारी एक-दोन टप्प्यांचा फरक दिसू शकतो, म्हणून सकाळी आणि दुपारच्या जेवणानंतर असा दोनदा झिरो पाहावा.

कॅलिब्रेशन हातातल्या इंडिकेटरवरून करता येईल का?

कॅलिब्रेशन म्हणजे प्रमाणित वजने ठेवून काट्याचा आकडा जुळवणे. तांत्रिकदृष्ट्या अनेक संचांत ते करता येते, पण वापरणाऱ्याने करू नये. ते परवानाधारक दुरुस्तीकाराचे काम आहे आणि मेनूतला तो भाग संकेतांकाने बंद ठेवावा. बाहेरगावाहून तयार कॅलिब्रेट होऊन आलेला काटा मात्र येथे प्रमाणित वजनांनी पुन्हा तपासून घ्यावाच, कारण लोड सेल पृथ्वीची ओढ मोजतो आणि ती सर्वत्र सारखी नसते. अक्षांश व उंची पाहता दिल्लीपेक्षा सोलापुरात ती सुमारे ०.०८ टक्के कमी भरते. दिल्लीत जुळवलेला काटा येथे एका टनामागे साधारण ८०० ग्रॅम कमी दाखवील. १०० किलोवर हा फरक ८० ग्रॅमचा आहे आणि १०० ग्रॅमच्या टप्प्यात तो लपून जाऊ शकतो, म्हणून तपासणी मोठ्या वजनाने करावी.

खरेदी-विक्रीच्या पावतीसाठी हातातला आकडा चालेल का?

कारखान्याच्या आतली मोजणी, साठ्याची नोंद, डाईंगच्या घाण्याचे (एका वेळी रंगवायच्या मालाचे) वजन यांसाठी तो निःसंकोच वापरावा. जेथे वजनावर पैसे ठरतात तेथे वैध मापन अधिनियम, २००९ लागू होतो. हा कायदा १ एप्रिल २०११ पासून अमलात आहे. अशा व्यवहारासाठी मान्यताप्राप्त नमुन्याचा, निरीक्षकांनी पडताळून मोहोर लावलेला काटा लागतो आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी करून घ्यावी लागते. हातातला इंडिकेटर हाच एकमेव डिस्प्ले असेल तर तो पडताळणीच्या वेळी काट्यासोबत सादर करावा. काट्याचा स्वतःचा मोहोरबंद डिस्प्ले असेल तर पावती त्यावरून करावी. शेतकरी किंवा गिऱ्हाईक समोर असताना आकडा त्यालाही दिसला पाहिजे, आणि खिशातल्या पडद्यावरचे वजन वाचून दाखवल्याने कोणाचेच समाधान होत नाही.

किती चूक चालते, असेही विचारतात. मध्यम अचूकतेच्या, म्हणजे तिसऱ्या वर्गाच्या ५०० किलोच्या काट्याचा टप्पा १०० ग्रॅम असेल, तर पडताळणीच्या वेळी ५० किलोपर्यंत ५० ग्रॅम, २०० किलोपर्यंत १०० ग्रॅम आणि त्यापुढे १५० ग्रॅम एवढी चूक चालते; वापरात असलेल्या काट्याच्या तपासणीत याच्या दुप्पट. दुरुस्तीसाठी मोहोर तोडावी लागली तर पुन्हा पडताळणी झाल्याशिवाय काटा व्यवहाराला लावू नये.

इंडिकेटर हरवला किंवा पडून फुटला तर सगळे काटे पुन्हा जुळवावे लागतील का?

लागत नाहीत. कॅलिब्रेशन काट्यावरच्या डबीत राहते, म्हणून त्याच बनावटीचा दुसरा इंडिकेटर घेऊन वहीत लिहून ठेवलेल्या क्रमांकांवरून यादी भरली की काम सुरू होते. जुन्या इंडिकेटरमध्ये साठलेले टेअर मात्र त्याच्याबरोबर गेलेले असतात. तेव्हा नवा हातात घेतल्यावर प्रत्येक काटा रिकामा करून झिरो पाहावा आणि ट्रॉल्यांचे टेअर एकेक करून नव्याने घ्यावेत. हरवलेला इंडिकेटर कोणाच्या हाती लागला असण्याची शक्यता असेल, तर गट-संकेतांक त्याच दिवशी बदलावा, नाहीतर भिंतीपलीकडून कोणीही आपल्या काट्याचा झिरो दाबू शकेल.